कॉलेज बास्केटबॉल: कॉन्फरन्सचा 'आठवड्याचा सर्वोत्तम खेळाडू' नेमका कशावरून ठरतो?

मध्यरेषा यांचा प्रश्न

नमस्कार. अमेरिकेतील महाविद्यालयीन बास्केटबॉलचे सामने मी बऱ्याच वर्षांपासून पाहत आलो आहे, पुरुषांचे आणि महिलांचेही. नोव्हेंबरमध्ये हंगाम सुरू झाला की मार्चमधील कॉन्फरन्स (आपापसांत सामने खेळणाऱ्या विद्यापीठांचा गट) स्पर्धांपर्यंत जवळजवळ दर सोमवारी एक बातमी ठरल्यासारखी येते: अमुक कॉन्फरन्सने आठवड्याचा सर्वोत्तम खेळाडू म्हणून याची निवड केली आणि प्रथम वर्षाच्या खेळाडूंमधून त्याची. बातमीत दोन-तीन ओळींत गुण, रिबाउंड (चुकलेल्या फटक्यानंतर मिळवलेला चेंडू) आणि असिस्ट (ज्यावरून लगेच बास्केट होते असा पास) यांचे आकडे असतात. निवड कोणी केली आणि इतरांना मागे का ठेवले, याबद्दल मात्र बहुतेक वेळा एक अक्षरही नसते.

माझ्या मनात हा प्रश्न एका सामन्यामुळे आला. त्या कॉन्फरन्समधील सर्वाधिक गुण करणाऱ्या खेळाडूला एका बचावपटूने उत्तरार्धात अक्षरशः चेंडूच घेऊ दिला नाही. प्रत्येक स्क्रीनमागून (प्रतिस्पर्धी वाट अडवून उभा राहतो त्या आडोशामागून) तो वाट काढून पुढे येत होता, पास येण्याआधीच हात आडवा घालत होता आणि चेंडू दुसऱ्या बाजूला गेला तरी आपल्या माणसाकडे पाठ फिरवत नव्हता. त्याच्या नावावर त्या दिवशी जेमतेम सात गुण होते, पण सामना त्याच्यामुळे जिंकला गेला यात मला शंका नाही. सोमवारी मान मिळाला तो वेगळ्याच संघातील, दोन सामन्यांत भरपूर गुण करणाऱ्या खेळाडूला. त्या खेळाडूच्या गुणवत्तेविषयी मला काहीही म्हणायचे नाही. पण या निवडीत बचावाचा विचार होतो की नाही, हे मला मनापासून जाणून घ्यायचे आहे.

म्हणून जाणकारांना विचारतो की ही निवड प्रत्यक्षात कोण करते आणि त्यांच्यासमोर कोणती माहिती असते? संघ हरला तर खेळाडूचा विचार होतो का? प्रतिस्पर्धी किती बलवान होता हे पाहिले जाते का? आणि आठवड्याचे हे मान हंगामअखेरच्या सर्वोत्तम खेळाडूच्या निवडीत मोजले जातात का?

नोंदवही यांचे उत्तर

आपला प्रश्न योग्य आहे आणि त्याचे उत्तर थोडे विस्ताराने द्यावे लागेल. मी शिकत असताना विद्यापीठाच्या क्रीडा माहिती विभागात विद्यार्थी मदतनीस म्हणून काम केले आहे, त्यामुळे या प्रक्रियेची पहिली पायरी जवळून पाहिली आहे.

सर्वप्रथम हे लक्षात घ्यावे की पहिल्या विभागात, म्हणजे डिव्हिजन वनमध्ये, तीसहून अधिक कॉन्फरन्स आणि ३५० हून अधिक संघ आहेत, आणि साप्ताहिक मान देण्याची पद्धत प्रत्येक कॉन्फरन्स स्वतः ठरवते. राष्ट्रीय पातळीवरची संघटना, म्हणजे एनसीएए, यात कुठेही येत नाही. काही ठिकाणी निवडक पत्रकारांचे मंडळ मत देते, काही ठिकाणी सदस्य विद्यापीठांचे क्रीडा माहिती अधिकारी मत देतात, तर काही ठिकाणी कॉन्फरन्सच्या कार्यालयातील मंडळीच निर्णय घेतात. पण निर्णय कोणीही घेतला तरी त्यांच्यापुढे येणारी नावे बहुतेक करून विद्यापीठांनीच पाठवलेली असतात, आणि माझ्या मते या सगळ्या व्यवहाराची किल्ली तिथेच आहे.

आठवडा साधारणपणे सोमवार ते रविवार असा धरला जातो. रविवारचा शेवटचा सामना संपला की क्रीडा माहिती अधिकारी त्या आठवड्यातील सामन्यांचे बॉक्स स्कोअर, म्हणजे आकडेवारीचे तक्ते, समोर ठेवून शिफारस लिहायला बसतो. शिफारशीत खेळाडूचे नाव, वर्ग, दोन सामन्यांतील एकूण आणि सरासरी आकडे, फटक्यांची टक्केवारी आणि खाली चार-पाच ओळींचे टिपण असते. ती मुदतीत पोहोचली नाही तर त्या खेळाडूचे नाव चर्चेलाच येत नाही. ज्या विद्यापीठात या विभागात चार-पाच माणसे असतात तिथे हे टिपण काळजीपूर्वक लिहिले जाते. पण ज्या छोट्या विद्यापीठात एकच अधिकारी एकाच वेळी बास्केटबॉल, जलतरण आणि कुस्ती सांभाळतो, तिथे रविवारी रात्री उशिरा घाईघाईने चार आकडे भरून शिफारस पाठवली जाते. मत देणाऱ्याने त्या आठवड्यातील प्रत्येक सामना पाहिलेला असणे शक्यच नसते, त्यामुळे तो त्या टिपणावर विसंबतो. आपण ज्या बचावपटूचे वर्णन केले आहे, त्याच्यासाठी 'प्रतिस्पर्ध्याच्या आघाडीच्या खेळाडूला उत्तरार्धात अमुक फटक्यांवर रोखले' ही एक ओळ कोणी लिहिली असती, तर निदान त्याच्या नावावर विचार तरी झाला असता. मुळात त्याची शिफारस गेली होती का, हेही सांगता येणार नाही, कारण एका गटात एका विद्यापीठाने बहुधा एकच नाव पाठवायचे असते आणि त्याच संघात वीस गुण करणारा दुसरा कोणी असेल तर नाव त्याचे जाते.

टिपणातील शब्दांचाही मोठा परिणाम होतो. एखाद्याने १८ गुण आणि ९ रिबाउंड घेतले तर ती चांगली कामगिरी ठरते, पण १८ गुण आणि १० रिबाउंड असतील तर तिला 'डबल-डबल' (दोन बाबींत दहा किंवा अधिक) म्हणतात आणि ती ठळकपणे नजरेत भरते. एका रिबाउंडचा हा फरक खेळाच्या दृष्टीने नगण्य आहे, परंतु मत देणाऱ्याच्या डोळ्यांपुढून साताठ नावे भराभर जात असतात आणि त्यात ठळक शब्द लक्षात राहतात. 'कारकिर्दीतील सर्वोच्च', 'शेवटच्या सेकंदाला विजयी बास्केट', 'क्रमवारीतील संघावर विजय' हे शब्दही असेच वजनदार आहेत.

आणखी एक बाब फारशी चर्चेत येत नाही, ती येथे नोंदवतो. बॉक्स स्कोअरमधील सर्व आकडे सारखे निर्विवाद नसतात. गुण आणि फ्री थ्रो (फाउलनंतर मिळणारे मोकळे फटके) यांच्याबद्दल वाद नसतो. परंतु असिस्ट कोणत्या पासला द्यायचा हे आकडेवारी टिपणाऱ्याच्या निर्णयावर अवलंबून असते, आणि टिपणारी मंडळी यजमान विद्यापीठाची असतात. टेबलाशी एक जण मोठ्याने सांगत असतो आणि दुसरा संगणकात भरत असतो. पास मिळाल्यावर खेळाडूने दोनदा चेंडू टप्पा मारून मग बास्केट केला, तर आधीच्या पासला असिस्ट द्यायचा की नाही, हे सांगणाऱ्याने क्षणात ठरवायचे असते. हे काम प्रामाणिकपणे होते, असा माझा अनुभव आहे. तरीही एका जागी १० असिस्ट मिळवणारा आणि दुसऱ्या जागी ८ मिळवणारा यांत खरोखर अंतर आहे असे छातीठोकपणे म्हणता येत नाही.

शेवटी सामन्यांच्या संख्येबद्दल. जानेवारीपासून बहुतेक संघ आठवड्यात दोन सामने खेळतात, त्यामुळे तुलना बऱ्यापैकी समान पातळीवर होते. नोव्हेंबरमध्ये तसे नसते. माउई इन्व्हिटेशनलसारख्या स्पर्धेत संघ तीन दिवसांत तीन सामने खेळतो, आणि त्याच आठवड्यात दुसरा एखादा संघ एकच सामना खेळलेला असतो. डिसेंबरमध्ये सत्र परीक्षांच्या काळात तर काही संघ आठवडाभर मैदानातच उतरत नाहीत. अशा आठवड्यातील मान आणि फेब्रुवारीतील भर हंगामातील मान यांना मी तरी एकाच तराजूत तोलत नाही.

बचावफळी यांचे उत्तर

वरील उत्तराने प्रक्रियेचे चित्र स्पष्ट झाले आहे, त्यामुळे मी फक्त आकड्यांच्या अर्थाबद्दल लिहितो. साप्ताहिक मान वाचताना दोन गोष्टी सर्वांत आधी पाहायला हव्यात आणि नेमक्या त्याच बातमीत नसतात: संघ किती वेगाने खेळतो, आणि तेवढे गुण करायला खेळाडूने किती फटके खर्च केले.

वेगाचे टोकाचे उदाहरण घ्यायचे तर १९८९-९० चा लॉयोला मेरीमाउंटचा संघ घ्यावा. प्रशिक्षक पॉल वेस्टहेड यांनी त्या संघाला चेंडू हाती येताच काही सेकंदांत फटका मारायला शिकवले होते आणि त्या हंगामात संघाची सरासरी सामन्यामागे १२२.४ गुण होती. त्याच संघातील हँक गॅदर्स यांनी आदल्या हंगामात गुण आणि रिबाउंड या दोन्हींत देशात पहिला क्रमांक मिळवला होता, ३२.७ गुण आणि १३.७ रिबाउंड अशी त्यांची सरासरी होती. दुसऱ्या टोकाला टोनी बेनेट यांच्या मार्गदर्शनाखालील व्हर्जिनियाचा संघ ठेवावा. हा संघ देशातील सर्वांत संथ खेळणाऱ्या संघांपैकी होता, तीस सेकंदांचा शॉट क्लॉक (फटका मारण्यासाठीची मुदत) जवळजवळ संपेपर्यंत संयमाने चेंडू फिरवत असे आणि बचावात प्रतिस्पर्ध्याला बास्केटजवळ शिरकाव करू देत नसे. २०१९ मध्ये व्हर्जिनियाने राष्ट्रीय अजिंक्यपद जिंकले, पण त्या हंगामात संघातील एकाही खेळाडूची सरासरी १६ गुणांपर्यंत गेली नव्हती. डिआंद्रे हंटर त्या वर्षी एसीसी (अटलांटिक कोस्ट) कॉन्फरन्सचे सर्वोत्तम बचावपटू ठरले, त्यांची गुणांची सरासरी साधारण १५ होती. लॉयोलाच्या वेगात हंटर यांनी किती गुण केले असते आणि व्हर्जिनियाच्या संथ लयीत गॅदर्स यांचे किती झाले असते, याचा विचार केला की नुसत्या गुणांची तुलना किती तोकडी आहे हे लक्षात येते.

याहून विलक्षण उदाहरण तिसऱ्या विभागातील आहे. २० नोव्हेंबर २०१२ रोजी ग्रिनेल महाविद्यालयाच्या जॅक टेलर यांनी एका सामन्यात १३८ गुण केले. हा एनसीएएचा विक्रम आहे आणि तो करायला लागणारी शारीरिक क्षमता व चिकाटी यांचे मला कौतुकच वाटते. पण त्याच बॉक्स स्कोअरमध्ये पुढे वाचले की दिसते, त्यांनी १०८ फटके मारले आणि त्यांपैकी ५२ यशस्वी झाले; एकूण १०८ पैकी ७१ फटके तीन गुणांच्या रेषेबाहेरून होते. सामना १७९-१०४ असा संपला आणि हरलेल्या संघातील एका खेळाडूनेही त्याच सामन्यात ७० गुण केले. सामना कोणत्या प्रकारचा होता, हे या ७० गुणांवरून १३८ पेक्षाही चांगले कळते.

आता रोजच्या व्यवहारातले एक काल्पनिक उदाहरण देतो. एका खेळाडूने दोन सामन्यांत मिळून ५८ गुण केले, ५० फटक्यांत १९ बास्केट, त्यांतले ६ तीन गुणांचे, आणि १८ पैकी १४ फ्री थ्रो. दुसऱ्याने ३९ गुण केले, २४ फटक्यांत १५ बास्केट, त्यांतले २ तीन गुणांचे, आणि ८ पैकी ७ फ्री थ्रो. बातमीत पहिल्याची सरासरी २९ येईल आणि दुसऱ्याची १९.५, म्हणजे निवड उघड दिसते. परंतु तीन गुणांच्या बास्केटला दीडपट धरून फटक्यांची परिणामकारक टक्केवारी काढली, तर पहिल्याची ४४ येते आणि दुसऱ्याची जवळपास ६७. पहिल्याने दुसऱ्यापेक्षा २६ फटके जास्त मारले. चुकलेल्या फटक्यांपैकी बरेचसे प्रतिस्पर्ध्याच्या हाती जातात, आणि ते फटके संघातील दुसऱ्या कोणालातरी मिळू शकले असते. येथे दुसऱ्या खेळाडूची निवड व्हायला हवी असे मी ठामपणे म्हणेन, मात्र पहिल्याच्या संघात दुसरे कोणी गुण करणारे नव्हते आणि प्रत्येक वेळी शॉट क्लॉकच्या शेवटी चेंडू त्याच्याच हाती येत होता असे असेल, तर मला थांबून पुन्हा विचार करावा लागेल.

मध्यरेषा यांनी बचावाबद्दल जे लिहिले आहे त्याबाबत माझेही मन तितकेच तळमळते. बॉक्स स्कोअरमध्ये बचावाच्या नावाखाली फक्त स्टील (हिसकावलेला चेंडू), ब्लॉक (अडवलेला फटका) आणि बचावातील रिबाउंड असतात. जो बचावपटू आपल्या माणसाला पासच मिळू देत नाही, त्याच्या खात्यात यापैकी काहीही जमा होत नाही, कारण जे घडलेच नाही त्याची नोंद होत नाही. उलट जो वारंवार पासवर झेप घेतो तो चार वेळा फसून दोन स्टील मिळवतो आणि यादीत झळकतो. काही कॉन्फरन्स आठवड्याच्या सर्वोत्तम बचावपटूचा वेगळा मान देतात. ही पद्धत सर्वांनी स्वीकारावी असे मला वाटते, पण तिथेही निवड स्टील आणि ब्लॉक मोजूनच होणार असेल तर आपल्या त्या सात गुणांच्या खेळाडूला तोही मान मिळणार नाही. यावर उपाय एकच दिसतो, आणि तो म्हणजे कोणी कोणाला किती वेळ रोखले आणि त्या वेळात समोरच्याने काय केले, हे चित्रफितीवरून टिपून शिफारशीत लिहिणे. प्रशिक्षकांचे सहायक हे काम स्वतःच्या संघासाठी करतातच, ते शिफारशीपर्यंत पोहोचत नाही एवढेच.

एका खेळाडूवर बचाव केंद्रित झाल्याने काय होते, हे पाहायचे असेल तर २५ नोव्हेंबर २००८ चा डेव्हिडसन विरुद्ध लॉयोला (मेरीलँड) हा सामना पाहावा. डेव्हिडसनचे स्टीफन करी तेव्हा देशात सर्वाधिक गुण करणारे खेळाडू होते. लॉयोलाच्या प्रशिक्षकांनी संपूर्ण सामनाभर दोन खेळाडू त्यांच्यावर लावले. करी यांनी ते ओळखले, ते एका कोपऱ्यात जाऊन उभे राहिले आणि सहकाऱ्यांना तिघांविरुद्ध चौघे असा खेळ करू दिला. त्यांनी फक्त तीन फटके मारले, एकही गुण केला नाही, आणि डेव्हिडसनने सामना ७८-४८ असा जिंकला. दोन खेळाडूंना कोपऱ्यात अडकवून ठेवण्याची ही कामगिरी कोणत्याही शिफारशीच्या नमुन्यात बसत नाही.

प्रथमवर्ष यांचे उत्तर

वरील दोन्ही उत्तरे मी लक्षपूर्वक वाचली. त्यातील तथ्यांशी मी सहमत आहे, पण त्यावरून साप्ताहिक मानाचे मोल कमी आहे असा समज होऊ नये, म्हणून दुसरी बाजू मांडतो.

मोठ्या कॉन्फरन्समधील खेळाडूचे सामने राष्ट्रीय दूरचित्रवाणीवर दिसतात, त्याला साप्ताहिक मान मिळाला काय किंवा न मिळाला काय, फारसा फरक पडत नाही. लहान कॉन्फरन्सची स्थिती वेगळी आहे. तेथून राष्ट्रीय स्पर्धेत बहुतेक वेळा एकच संघ जातो, तोही कॉन्फरन्स स्पर्धा जिंकणारा, त्यामुळे मार्चमधील एका संध्याकाळी खेळ फसला की अख्ख्या हंगामाकडे कोणाचेच लक्ष जात नाही. अशा खेळाडूच्या नावाची नोंद हंगामभर ठेवणारी जी मोजकी साधने आहेत त्यांत साप्ताहिक मान येतो. वेबर स्टेटचे डेमियन लिलर्ड बिग स्काय कॉन्फरन्समधून आले आणि २०१२ मध्ये एनबीए ड्राफ्टमध्ये (व्यावसायिक संघ नवे खेळाडू निवडतात त्या प्रक्रियेत) सहाव्या क्रमांकावर निवडले गेले. मरे स्टेटचे जा मोरँट ओहायो व्हॅली कॉन्फरन्समध्ये खेळले, २०१८-१९ मध्ये त्यांची सरासरी २४.५ गुण आणि १० असिस्ट होती, आणि ते ड्राफ्टमध्ये दुसरे आले. असे खेळाडू साप्ताहिक मानामुळे घडत नाहीत हे खरेच आहे. पण त्यांच्या गुणवत्तेची पहिली सार्वजनिक नोंद अनेकदा अशा एखाद्या सोमवारच्या पत्रकात असते, आणि जे ड्राफ्टपर्यंत कधीच पोहोचत नाहीत त्या शेकडो खेळाडूंसाठी तर हीच नोंद कायमची असते.

प्रथम वर्षाच्या खेळाडूंच्या मानाबद्दल कोणी लिहिले नाही, म्हणून थोडे सांगतो, कारण मला तो या सर्वांत जिव्हाळ्याचा वाटतो. १९७२-७३ पूर्वी पहिल्या वर्षाच्या खेळाडूंना विद्यापीठाच्या मुख्य संघातून खेळताच येत नसे. पीट मारविच यांनी एलएसयूसाठी (लुइझियाना स्टेट विद्यापीठासाठी) केलेले ३,६६७ गुण तीनच हंगामांतले आहेत, तेही तीन गुणांची रेषा नसताना, याचे कारण हा नियमच होता. नियम बदलल्यावर हळूहळू चित्र पालटले, आणि आता एसीसीसारख्या कॉन्फरन्समध्ये जलील ओकाफोर, मार्व्हिन बॅग्ली, झायन विल्यमसन आणि कूपर फ्लॅग या ड्यूकच्या पहिल्या वर्षाच्या खेळाडूंनी अनुक्रमे २०१५, २०१८, २०१९ आणि २०२५ मध्ये हंगामाचा सर्वोत्तम खेळाडू हा मानही मिळवला आहे. फ्लॅग यांनी ११ जानेवारी २०२५ रोजी नॉत्र दामविरुद्ध ४२ गुण केले, एसीसीत पहिल्या वर्षाच्या खेळाडूने एका सामन्यात केलेले ते तोवरचे सर्वाधिक गुण होते.

असा खेळाडू कॉन्फरन्समध्ये असला की दोन्ही साप्ताहिक मान वारंवार एकाच्याच नावावर जातात, आणि बाकीच्या नवोदितांना पूर्ण हंगामात संधी मिळत नाही. माझे मत असे आहे की जो त्या आठवड्यात मुख्य मान मिळवतो, त्याला प्रथम वर्षाच्या गटातून वगळावे. अठरा वर्षांचा मुलगा जानेवारीत पहिल्यांदाच खऱ्या बचावाला सामोरा जातो, दोन आठवडे अडखळतो आणि मग एका शनिवारी १५ गुण आणि ६ असिस्ट करून संघाला परक्या मैदानावर जिंकून देतो. प्रथम वर्षाचा गट याच कामगिरीसाठी आहे, असे मी मानतो. काही कॉन्फरन्स या गटात 'नवागत' असा व्यापक निकष ठेवतात, म्हणजे दुसऱ्या विद्यापीठातून बदली होऊन आलेला अनुभवी खेळाडूही त्यात बसतो. २०२१ पासून बदलीचे नियम सैल झाले आहेत, त्यामुळे या निकषाने तेवीस वर्षांच्या, तीन विद्यापीठांचा अनुभव असलेल्या खेळाडूशी अठरा वर्षांच्या मुलाची तुलना करावी लागते. मला हे योग्य वाटत नाही. दोन्ही गट ठेवायचे असतील तर वेगवेगळे ठेवावेत.

मध्यरेषा

तिघांचेही मनापासून आभार. शिफारशीच्या टिपणाचा मुद्दा मला अजिबात माहीत नव्हता, आणि त्यामुळे बऱ्याच निवडींचा उलगडा झाला. बचावफळी यांनी सांगितलेला करी यांचा सामना मी शोधून पाहणार आहे.

दोन शंका अजून बाकी आहेत. पराभूत संघातील खेळाडूचा विचार होतो का, हे कोणी सांगितले नाही. तसेच आयोवाच्या केटलिन क्लार्क यांच्यासारखी खेळाडू कॉन्फरन्समध्ये असते तेव्हा मत देणारे दर आठवड्याला तेच नाव देतात की जाणीवपूर्वक दुसऱ्यांना संधी देतात?

नोंदवही

पराभवाबद्दल कोठेही लेखी बंदी मी पाहिलेली नाही, पण संघाने आठवड्यातील दोन्ही सामने गमावले असतील तर मान मिळणे फार कठीण जाते. एक विजय आणि एक पराभव असेल तर मात्र पराभवातील कामगिरीही धरली जाते, आणि ती धरलीच पाहिजे. करी यांचेच उदाहरण घ्या. लॉयोलाच्या सामन्याच्या बरोबर एक आठवडा आधी, १८ नोव्हेंबर २००८ रोजी, त्यांनी ओक्लाहोमाविरुद्ध ४४ गुण केले आणि डेव्हिडसन ८२-७८ असा हरला. ओक्लाहोमा ही मोठ्या कॉन्फरन्समधील बलाढ्य संघांपैकी एक होती आणि सामना तिच्या मैदानावर होता. त्यानंतरच्या मंगळवारी शून्य गुण आणि तीस गुणांनी विजय! या दोन सामन्यांपैकी करी कशात अधिक चांगले खेळले, हे फक्त निकाल पाहून ठरवायला मी तयार नाही, आणि फक्त गुण पाहूनही नाही. आपल्याला एखाद्या कॉन्फरन्सचा कल पाहायचा असेल तर तिच्या संकेतस्थळावरची मागील हंगामाची सोमवारची पत्रके ओळीने वाचावीत आणि मानकऱ्यांच्या संघांचे त्या आठवड्यातील निकाल शेजारी मांडावेत. तासाभरात बरेच कळते.

क्लार्क यांच्याबाबत सांगायचे तर बिग टेन कॉन्फरन्सने त्यांना हा मान वारंवार दिला आणि मला त्यात काहीही गैर वाटत नाही. १५ फेब्रुवारी २०२४ रोजी मिशिगनविरुद्ध ४९ गुण आणि १३ असिस्ट करून त्यांनी केल्सी प्लम यांचा महिलांतील कारकिर्दीतल्या ३,५२७ गुणांचा विक्रम मागे टाकला, आणि ३ मार्चला ओहायो स्टेटविरुद्ध मारविच यांच्या ३,६६७ गुणांच्याही पुढे गेल्या. अशा आठवड्यात निवड विचार न करताही होते. अडचण येते ती त्यांच्या साधारण आठवड्यात, जेव्हा त्यांचे आकडे इतर कोणाच्याही उत्तम आठवड्याइतके असतात पण त्यांच्या स्वतःच्या मानाने सामान्य असतात. मत देणारे काही जण अशा वेळी नव्या नावाकडे झुकतात, आणि मत समसमान पडले तर मान दोघींत विभागूनही दिला जातो. मान आठवड्याच्या कामगिरीचा असेल तर खेळाडूची स्वतःशी तुलना न करता त्या आठवड्यातील इतरांशीच करायला हवी, असे माझे स्पष्ट मत आहे. म्हणूनच प्रथमवर्ष यांनी सुचवलेल्या वगळण्याच्या नियमाशी मी मुख्य मानाच्या बाबतीत सहमत होणार नाही, नवोदितांच्या गटापुरता तो मला मान्य आहे.

आपल्या पहिल्या पत्रातील शेवटचा प्रश्नही उत्तराशिवाय राहिला होता. साप्ताहिक मान हंगामअखेरच्या निवडीत मोजले जात नाहीत. ते मतदान स्वतंत्र असते, प्रशिक्षक किंवा पत्रकार ते करतात, आणि तिथे बचावाला कधीकधी न्याय मिळतो. व्हर्जिनियाचे माल्कम ब्रॉग्डन यांना २०१६ मध्ये एसीसीचा सर्वोत्तम खेळाडू आणि सर्वोत्तम बचावपटू हे दोन्ही मान एकाच हंगामात मिळाले. त्या कॉन्फरन्सच्या इतिहासात असे प्रथमच घडले होते. त्यांची गुणांची सरासरी १८.२ होती, आणि त्यांना मत देणाऱ्यांनी चार महिने त्यांना समोरच्या संघातील सर्वांत अवघड खेळाडूवर उभे राहताना पाहिले होते.